ताकाला जाताना भांडं लपवू नकोस

अगं, तुझा मेल आणि त्याला जोडलेलं पत्र दोन्ही वाचलं. तुमच्या कंपनीने जर्मनीतली गिअर बनवणारी ती जुनी कंपनी घेतली आणि दोन्हीकडची घडी बसवायचं काम तुझ्याकडे आलं, याचा मला किती आनंद झालाय ते भेटल्यावर सांगेनच. आधी कामाचं बोलू. व्यवहार पूर्ण होईल त्या दिवशी तिथल्या कामगारांना जे पत्र जाणार आहे, त्याच्या पहिल्याच ओळीत तुम्ही 'दोन समान भागीदारांचं मीलन' असं लिहिलंय. ते वाक्य काढ. एमडींनी स्वतः लिहिलेलं असलं तरी काढायला लाव. बाकीचं पत्र नंतर बघू.

इतक्या हट्टाने का सांगते, ते ऐक. डाइमलर आणि क्रायस्लरचं नाव तू एमबीएला ऐकलं असशील, पण त्यातली नेमकी गोम वर्गात कुणी सांगत नाही. ७ मे १९९८ ला लंडनमध्ये दोघांनी मिळून घोषणा केली. व्यवहार ३६ अब्ज डॉलरचा, तेव्हाचा जगातला सगळ्यात मोठा औद्योगिक सौदा. डाइमलरचे युर्गेन श्रेम्प आणि क्रायस्लरचे बॉब ईटन शेजारी शेजारी उभे राहिले आणि ही बरोबरीची हातमिळवणी आहे असं जगाला सांगितलं. दोन मुख्यालयं, एक श्टुटगार्टला, एक डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला. अध्यक्षही दोन. पण कंपनीची नोंदणी जर्मनीत झाली, आणि ईटननी तर सुरुवातीलाच सांगून टाकलं की तीन वर्षांत मी बाजूला होईन. दोन अध्यक्षांपैकी एकाच्या जाण्याची मुदत पहिल्या दिवशी जाहीर होते तेव्हा मागे कोण उरणार, हे कळायला कुणाला एमबीए लागत नाही. असेंब्ली लाइनवरच्या माणसालाही ते कळतं, वरून गोड बोलणाऱ्याला वाटतं की कुणाला कळलेलं नाही.

पुढे एकेक माणूस गळत गेला. १९९९ मध्ये क्रायस्लरचे टॉम स्टॉलकँप गेले, २००० च्या मार्चमध्ये ईटन गेले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर श्रेम्पनी फायनान्शियल टाइम्सला मुलाखत दिली. त्यात ते बोलून गेले की क्रायस्लर आमचा एक विभाग असेल अशी रचना मला पहिल्यापासूनच हवी होती. तिथे पोचायला वळसा घ्यावा लागला, कारण समोरच्यांच्या मनाचा विचार करावा लागतो. झालं! अडीच वर्षं लोक जे कँटीनमध्ये कुजबुजत होते, ते साहेबांनी स्वतःच्या तोंडाने छापून आणलं. तीन आठवड्यांत क्रायस्लरचे अमेरिकन प्रमुख घरी गेले आणि श्टुटगार्टहून डीटर त्सेचे येऊन खुर्चीत बसले. २००१ च्या जानेवारीत २६,००० नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. भागधारक कोर्टात गेले, आणि २००३ मध्ये कंपनीने ३० कोटी डॉलर देऊन त्यातला मोठा दावा मिटवला. २००७ मध्ये क्रायस्लरचा ८०.१ टक्के हिस्सा सर्बेरस नावाच्या गुंतवणूक कंपनीला विकून डाइमलरने हात झटकले.

आता तू म्हणशील, ताई, तिथे संस्कृतीचा फरकही होता ना? होता की. अमेरिकन साहेबांचे पगार जर्मन साहेबांच्या कितीतरी पट. जर्मन लोक जाडजूड फाइल वाचून बैठकीला येणारे, अमेरिकन लोक कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या निर्णय करून टाकणारे. पण मला विचारशील तर असले फरक मिटतात. दोन वर्षं एकत्र काम केलं की माणसं एकमेकांच्या सवयी शिकतात, चिडतात, हसतात, पुढे जातात. मिटत नाही ती फसवलं गेल्याची भावना. 'तुम्ही बरोबरीचे' असं सांगून आणलं आणि बसवलं खालच्या पंगतीला, हे माणूस विसरत नाही. मग प्रत्येक साध्या गोष्टीला तोच रंग चढतो. फॉर्म बदलला तरी अपमान वाटतो, मेलला उत्तर उशिरा आलं तरी अपमान वाटतो. लोक त्याला 'कल्चर' म्हणतात आणि प्रशिक्षणवर्ग भरवतात. मूळ दुखणं मात्र त्या पहिल्या दिवशीच्या वाक्यात असतं.

म्हणून लग्नाची उपमाही भाषणात येऊ देऊ नकोस. आपल्याकडच्या साहेबांना ती फार आवडते. लग्नात दोघं आपणहून उभे राहतात. इथे एकाने पैसे मोजून दुसऱ्याला घेतलेलं असतं, आणि ज्यांना घेतलं त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारलेलं नसतं. हे सरळ मान्य करण्यात काही कमीपणा नाही. उलट जर्मन कामगाराला स्पष्ट बोलण्याचा आदर असतो. लिही की आम्ही ही कंपनी घेतली आहे. का घेतली, तेही लिही. तुमच्याकडे जी गिअर ग्राइंडिंगची हातोटी आहे ती आमच्याकडे नाही, हे जर खरं असेल तर तेच लिही. मग लिही की भांडवली खर्च आणि वरच्या नेमणुका पुण्यात ठरतील. माल कसा बनवायचा, माणसं कुठली घ्यायची, गिऱ्हाइकाशी काय बोलायचं हे तिथेच ठरेल. आणि ज्या दोन-तीन गोष्टींचा निर्णय अजून झालेला नाही, त्यांची नावं घेऊन लिही, सोबत तारीख दे. 'अजून ठरलं नाही' हे वाक्य लिहायला आपले वरिष्ठ घाबरतात. त्यांना वाटतं, दुबळेपणा दिसेल. पण लोक गप्प बसलेल्या साहेबाला जास्त घाबरतात, कारण रिकाम्या जागेत ते स्वतःच्या भीतीने काहीतरी भरतात.

तुमची पहिली घोषणा शेअर बाजारात गेली तेव्हा काय झालं असेल, मला चित्र दिसतं. लिस्टेड कंपनी असल्यामुळे बोर्डाचा निर्णय बाजाराला ताबडतोब कळवावा लागतो, त्याआधी कामगारांना सांगता येत नाही. तो नियम आहे, त्याला इलाज नाही. पुण्यात सकाळचे अकरा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात साडेसात. सहाची शिफ्ट मशीनवर उभी, आणि आपली कंपनी विकली गेली ही बातमी त्यांना फोनवर एखाद्या मेव्हण्याने पाठवलेली. ते टळलं नसतं. पण व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशी असं कुठलंच निमित्त तुमच्याकडे नाही. त्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या आधी तुमचा सगळ्यात मोठा माणूस तिथे उभा असला पाहिजे. व्हिडिओवर नको. आणि रात्रपाळीचं काय, हेही आत्ताच ठरव. त्यांना बातमी नेहमी शिळी मिळते, आणि ते कधी बोलून दाखवत नाहीत.

त्या सभेबद्दल एक सांगते. मी एका अशाच खरेदीनंतर जर्मनीतल्या एका छोट्या गावात, प्लांटच्या कँटीनमध्ये बाजूच्या खुर्चीवर बसले होते. कुठली कंपनी ते सोड. आपले संचालक उभे राहिले, स्लाइड सुरू झाल्या. जागतिक बाजारपेठ, समूहाचा इतिहास, पाच वर्षांचं स्वप्न. दुभाषी बाई बिचारी एकेक वाक्य धरून चालली होती. कामगार हाताची घडी घालून ऐकत होते, चेहऱ्यावर काही नाही. शेवटी 'काही प्रश्न?' विचारल्यावर बराच वेळ कुणी हललं नाही. मग मागून एक पन्नाशीतला माणूस उठला, निळा कामाचा कोट, हातात टोपी. त्याने एकच विचारलं: येत्या सप्टेंबरमध्ये अप्रेंटिस घेणार आहात का?

संचालकांना वाटलं, फारच किरकोळ प्रश्न आहे. त्यांनी हसून सांगितलं की मनुष्यबळाच्या सगळ्या योजनांचा योग्य वेळी आढावा घेतला जाईल. दुभाषी बाईने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि मला तिचा आवाज पडलेला कळला. तो माणूस मान हलवून खाली बसला. सभा तिथेच संपली होती, पुढे चहा, फोटो सगळं झालं तरी.

तुला त्या प्रश्नाचं वजन कळायला हवं. जर्मनीत कारखान्यातला मेकॅनिक तयार व्हायला साडेतीन वर्षं लागतात. आठवड्यातले काही दिवस व्यवसायशाळा, बाकीचे दिवस कंपनीत. नवी तुकडी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येते. जी कंपनी या सप्टेंबरमध्ये पोरं घेते, ती साडेतीन वर्षं इथे राहायचं म्हणते आहे. जी घेत नाही, तिने गावाला उत्तर दिलेलं आहे, भाषण काहीही असो. त्या माणसाने अतिशय सभ्यपणे विचारलं होतं की तुम्ही आमचं मशीन उचलून पुण्याला नेणार का. आणि आमच्या साहेबांनी आढाव्याची भाषा केली. अगं, दुसऱ्या देशात लोक मोठा प्रश्न असाच, छोट्या वेशात विचारतात. कुठे कँटीनच्या दरांचा असेल, कुठे सुट्टीचा, कुठे पाटीवरच्या नावाचा. त्या वेशाआडचा प्रश्न तुला ओळखता आला पाहिजे, आणि साहेब व्यासपीठावर चढण्याआधी त्यांच्या कानात सांगता आला पाहिजे. या सगळ्या नोकरीतला हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्यासाठी तिथल्या कामगार मंडळाची ओळख आधी करून घे. जर्मनीत पाच माणसं असली तरी कामगारांना आपलं मंडळ निवडता येतं. त्याला बेट्रीब्सराट म्हणतात. आपल्याकडच्या युनियनसारखं ते गेटवर उभं नसतं, आतच बसलेलं असतं, कायद्याने. शंभरावर माणसं असलेल्या कंपनीत आर्थिक समिती असते, तिला कंपनीचे मोठे बेत वेळेवर सांगावेच लागतात. ५०० च्या वर माणसं गेली की देखरेख करणाऱ्या मंडळात एक तृतीयांश जागा कामगारांच्या. २,००० च्या वर गेली तर निम्म्या. तुझ्या साहेबांना हे वाचून घाम फुटेल. त्यांना समजाव की हीच तुमची सोय आहे. तिथे एक मजकूर नीट पटवला की तो हजार माणसांपर्यंत खऱ्या शब्दांत पोचतो. आणि त्यांना डावलून एक ओळ जरी बाहेर गेली, तरी पुढची सहा पत्रं कुणी वाचणार नाही.

पैसे मोजले म्हणजे हुकूम चालतो, ही आपली समजूत तर विमानतळावरच सोडून जा. पुण्याच्या सुझलॉनचं उदाहरण तुझ्या साहेबांना सांग, त्यांना लगेच पटेल, ते हडपसरला सुझलॉनच्या ऑफिसवरूनच रोज जातात. २००७ मध्ये सुझलॉनने फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ करून हॅम्बुर्गची रीपॉवर ही पवनचक्क्यांची कंपनी मिळवली. मोठी फुशारकीची गोष्ट होती तेव्हा, आपल्या सगळ्यांनाच अभिमान वाटला होता, मलाही. पण जर्मन कायद्यात अशा कंपनीचं संचालक मंडळ स्वतःच्या कंपनीचं हित बघायला बांधलेलं असतं. छोटे भागधारक शिल्लक आहेत आणि वर्चस्वाचा रीतसर करार झालेला नाही, तोवर मालकाला तिचं तंत्रज्ञान किंवा रोकड आपल्या मनाने उचलता येत नाही. उरलेले भागधारक बाहेर काढून पूर्ण मालकी यायला २०११ उजाडलं. तोवर जगातला पवनऊर्जेचा बाजार बदलला होता आणि सुझलॉनच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. २०१५ मध्ये ती कंपनी, तेव्हा तिचं नाव सेनव्हिऑन झालं होतं, एक अब्ज युरोच्या आसपास किमतीला विकून टाकावी लागली. हे सगळं संवादाच्या चुकीमुळे झालं असं मी मुळीच म्हणत नाही. पण हॅम्बुर्गचा इंजिनिअर 'नाही देता येणार' म्हणतो तेव्हा तो उद्धट नसतो, कधीकधी तो फक्त कायदा सांगत असतो; हे पुण्यात बसलेल्याला कोण सांगणार? तूच सांगायचंस.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही ड्यू डिलिजन्सच्या फाइलमध्ये मिळणार नाही. तू ज्या कंपनीत जाते आहेस, तिच्या पोटात आधीची कुठली जखम आहे का, ते विचार. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस घेतली, ६.२ अब्ज पौंडांना. आपल्याकडे पेढे वाटले गेले, भारतीय कंपनी ब्रिटिश पोलाद विकत घेते म्हणून. पण कोरस म्हणजे तरी काय? १९९९ मध्ये ब्रिटिश स्टील आणि डच होखोव्हेन्स यांना जोडून केलेली कंपनी. ते जोडकाम कधी बसलंच नव्हतं. ब्रिटनचे कारखाने तोट्यात, एयमाउदनचा डच कारखाना चांगला चाललेला, आणि डच लोकांना वाटायचं की आपल्या कमाईवर पलीकडचा तोटा भरला जातो. २००३ मध्ये लंडनच्या साहेबांनी अॅल्युमिनियमचा व्यवसाय फ्रेंच पेशिनेला विकायचं ठरवलं, तर कोरसच्याच डच उपकंपनीच्या देखरेख मंडळाने चक्क नकार दिला. कोर्टातही लंडनची डाळ शिजली नाही, आणि मुख्याधिकारी टोनी पेडर यांना खुर्ची सोडावी लागली. म्हणजे टाटांचा माणूस तिथे पोचला तेव्हा भांडण आधीच आठ वर्षांचं झालेलं होतं. मुंबईहून गेलेल्याला वाटणार, हे गोरे लोक आमच्याशी असे का वागतात. आणि ते वागत असणार एकमेकांशी. पुढे टाटांनी ब्रिटन आणि नेदरलँड्सचे कारभार वेगळे केले, तेव्हा कुठे ती गाठ सुटली.

तर तिथल्या जुन्या माणसांना विचार, याआधी तुम्हाला कुणी घेतलं होतं? तेव्हा काय सांगितलं होतं? त्यातलं किती खरं निघालं? त्यांच्या उत्तरातून कळेल की तुझ्या तोंडचे कुठले शब्द आधीच नासलेले आहेत. 'सिनर्जी' हा त्यातला एक असणारच.

चांगलं उदाहरण हवं असेल तर लांब जाऊ नकोस, पिंपरीकडेच बघ. २००४ मध्ये टाटा मोटर्सने दक्षिण कोरियातल्या गुनसानची देवू ही ट्रक बनवणारी कंपनी १०.२ कोटी डॉलरला घेतली. कोरियात भारतीय मालक म्हणजे तेव्हा ऐकिवातही नव्हतं. टाटांनी बोली लावतानाच आपली माहिती कोरियन भाषेत करून घेतली, युनियनला भेटले, गावाच्या महापौरांना भेटले. घेतल्यावर देवूचं नाव पुसलं नाही, टाटा देवू असं ठेवलं, आणि प्रमुखपदी कोरियन माणूसच बसवला. मला यात आवडतं ते हे, की मोठं स्वप्न विकायच्या आधी त्यांनी समोरच्याला आपली नीट चौकशी करू दिली. आपण कोण, कुठले, पैसे कुठून आणतो, कामगारांशी कसे वागतो. विकत घेणाऱ्याने आधी स्वतःची परीक्षा द्यायची, ही रीत तू तिथे पाड.

रोजच्या बैठकांचं थोडक्यात सांगते. आपल्या माणसांना वरिष्ठांसमोर 'हे होणार नाही' म्हणता येत नाही. 'बघतो', 'करून टाकू', 'प्रयत्न करू' असलं काहीतरी म्हणतात, आणि समोरचा जर्मन ते तारखेसकट वहीत लिहून घेतो. महिन्याने तो खोटारडा म्हणतो, हा दुखावतो. उलट तो चारचौघांत 'तुमची आकडेमोड चुकली आहे' म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती आकडेमोडीबद्दलची माहिती असते, आपल्या माणसाला मात्र घरदार काढल्यासारखं लागतं. हे दोन्हीकडे आधी सांगून ठेव, प्रसंग घडण्याआधी. घडल्यावर सांगितलेलं कुणाला पटत नाही.

लेनोव्होने २००५ मध्ये आयबीएमचा पीसी व्यवसाय घेतला तेव्हा असंच झालं. कॉलवर अमेरिकन बोलत राहायचे, चिनी गप्प. अमेरिकनांना वाटायचं यांना मान्य आहे, चिन्यांना वाटायचं हे थांबतच नाहीत तर बोलायचं कधी. बीजिंग आणि नॉर्थ कॅरोलिनात उन्हाळ्यात बरोब्बर बारा तासांचं अंतर, म्हणजे कुणीतरी एक कायम पेंगत असणारच. तिथल्या नेत्याचं मला कौतुक वाटतं. यांग युआनचिंग स्वतः कुटुंबासह नॉर्थ कॅरोलिनात राहायला गेले, तोडक्या इंग्रजीवर शिकवणी लावली, आणि कंपनीची कामकाजाची भाषा इंग्रजी केली. ज्याने विकत घेतलं त्याने अवघड भाषा स्वतःच्या अंगावर घेतली. तुझ्या एमडींना श्टुटगार्टजवळ घर घ्यायला सांगता येणार नाही मला माहीत आहे, पण कॉलची वेळ आळीपाळीने गैरसोयीची ठेवता येईल ना? एका महिन्यात रात्र पुण्याची, एका महिन्यात पहाट त्यांची. आणि रविवारी व्हॉट्सअॅपवर काम पाठवायचं नाही. यावर ठाम राहा. आपल्याकडे ती निष्ठा समजतात, तिकडे घरात घुसणं समजतात.

आता जरा अवघड बोलते. हे सगळं नीट केलंस तरी कधीतरी वाईट बातमी द्यावी लागेल. २०१६ च्या मार्चमध्ये टाटा स्टीलच्या बोर्डाची बैठक मुंबईत होती. ब्रिटनमधल्या व्यवसायाचं काय करायचं ते तिथे ठरणार होतं. वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटची युनियनची माणसं आणि तिथले खासदार स्टीफन किनॉक विमानात बसून मुंबईला आले. विचार कर, भट्टीवर काम करणाऱ्यांच्या माणसांना आपलं भवितव्य ऐकायला एवढा प्रवास करावा लागला. त्या वेळी कारखाना वाचला, पण ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची झोतभट्टी बंद झाली. ब्रिटनभरातल्या २,८०० पर्यंत नोकऱ्या त्या बदलात जाणार होत्या, बहुतेक पोर्ट टॅलबॉटच्याच. आता तिथे विजेवरची भट्टी उभी राहते आहे, सव्वा अब्ज पौंडांची, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. तोटा खरा होता, जुन्या भट्ट्या खऱ्याच थकल्या होत्या. चांगल्या बोलण्याने झोतभट्टी चालत नाही, हे मला कळतं. तरी माझं मत असं आहे की ज्या गावाचा चुलीचा प्रश्न आहे, त्या गावाला निर्णय त्याच गावात, निर्णय घेणाऱ्याच्याच तोंडून ऐकायला मिळाला पाहिजे. तुझ्यावर ती वेळ आली, तर साहेबांना विमानात बसव. एचआरच्या पत्रावर भागवू देऊ नकोस, आणि एकटी तू तर मुळीच जाऊ नकोस. वाईट बातम्या सांगायला बाईला पुढे करायची खोड आपल्याकडे आहे, 'ती समजुतीने सांगेल' म्हणून. तुझी समजूत चांगली आहे ती यासाठी वापरू देऊ नकोस.

आणि तुझं स्वतःचं. पहिले काही महिने दोन्हीकडची माणसं तुझ्यावर रागावतील. पुण्यात म्हणतील, ही त्यांच्या बाजूची झाली. तिकडे म्हणतील, ही मालकांची हेर. हे तुझ्या कामातच आहे, मनाला लावून घेऊ नकोस. पण एक पथ्य पाळ. जे तिथे खाजगीत ऐकशील ते पुण्यात सांगताना माणसाचं नाव घ्यायचं नाही, कुणी कितीही खोदून विचारलं तरी. एकदा एक नाव बाहेर गेलं की तिथे तुझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा होतील. संध्याकाळी जेवायला एकटी हॉटेलात बसू नकोस, गावात एखादा गायनवर्ग, पोहण्याचा क्लब काहीतरी धर. जर्मन माणूस ऑफिसात मैत्री करायला वेळ घेतो, पण क्लबात लवकर खुलतो. आणि जर्मनचे वर्ग आजपासून सुरू कर, पुण्यात माक्सम्युलर भवन आहेच. उच्चार चुकू देत, शॉप फ्लोअरवर सकाळचा नमस्कार तरी त्यांच्या भाषेत जाऊ दे.

शेवटचं, आणि हे फक्त तुला सांगते. परत आल्यावर तुला कुठलं पद मिळणार, हे जाण्याआधी लेखी घे. 'आल्यावर बघू, तुझी जागा कुठे जाते' असं सगळेच म्हणतात. तीन वर्षांनी साहेब बदललेले असतात आणि तुझ्या जागेवर दुसरी कुणीतरी मन लावून काम करत असते. मी किती हुशार बायका अशा परत येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या पाहिल्या आहेत. तेव्हा पदाचं नाव, श्रेणी, कुणाला रिपोर्टिंग, सगळं त्या पत्रात असू दे, आणि त्यावर एमडींची सही. एचआरची चालणार नाही. ते पत्र हातात पडलं की मला फोटो पाठव, मग तिकिटाचं बघ. शनिवारी मी घरीच आहे; तुमच्या त्या कामगारांच्या पत्राचा नवा मसुदा घेऊन ये, आपण दोघी बसून ओळ न् ओळ वाचू.